वेइक्कोच्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल

माझा ताइस्तोमामा ट्रॅक्टरचा आवाज ऐकून जळायचा. सगळ्यांच्या नव्हे, फक्त शेजारच्या वेइक्कोच्या. दोघांचे ट्रॅक्टर एकाच कारखान्याचे, केलो नावाचे. मामाचा पहिल्या पिढीतला: तीन सिलिंडरचं इंजिन, जोर सगळा मागच्या चाकांना, पुढची चाकं नुसती वळायला. पुढं कारखान्यानं चौथं सिलिंडर दिलं, ते वेइक्कोनं घेतलं. मग टर्बो आला, तोही वेइक्कोच्याच अंगणात. इंजिनांचा जोर वाढला तसा कारखान्यानं मागचा एक्सल, म्हणजे चाकांना जोर पोचवणारा कणा, जाड केला, आणि शेवटी पुढच्या एक्सललाही ओढायला जुंपलं. वेइक्को तो चारी चाकांचा केलो घेऊन आला, तेव्हापासून गावच्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, मामा त्याच्या शेजारी बसेना.

"वरच्या फळीवर जागा होती की," हिल्कामामी म्हणाली.

"असू दे. त्यालाच बसू दे चारी चाकं पसरून."

एक गोष्ट मात्र मामाची होती. गावचा रस्ता. आमच्याकडे फिनलंडात रस्त्याकाठची घरं मिळून रस्ता सांभाळतात, आणि हिवाळ्यात बर्फ कोण लोटणार ते शरदातल्या सभेत ठरतं. मामाच्या लग्नाआधीपासून ते काम मामाकडं. ट्रॅक्टरला बर्फ लोटायचा फाळ लावून पहाटे निघायचा. प्रत्येकाच्या दारापाशी फाळ वळवायचा, म्हणजे फाटकात बर्फ साचत नाही. वेइक्कोच्या फाटकाशी मात्र सरळ जायचा, कमरेएवढा ढीग त्याच्या तोंडावर टाकून.

"तिथं फाळ वळत नाही," एवढंच सांगायचा.

त्या शरदात सभेत लोक कुरकुरले. गेल्या हिवाळ्यात गिरणीच्या चढावर मामा अर्ध्यातच अडकायचा आणि दूधगाडी खाली खोळंबून राहायची. ठरलं असं, की पहिला मोठा बर्फ पडला की मामानं तो चढ न थांबता साफ करून दाखवायचा. नाही जमलं तर रस्ता वेइक्कोचा.

मामा सभेतून निघाला तो थेट भंगारवाल्याकडं गेला. तिथं कापणीचं एक मोडकं यंत्र पडलं होतं, आणि त्यात इंजिन केलोचंच, चार सिलिंडरचं, टर्बोवालं. मामानं ते आपल्या ट्रॅक्टरवर चढवलं. बॉनेट लांबवावं लागलं, पण बोल्टांची भोकं बरोबर जुळली. आमच्याकडच्या माणसाला भोकं जुळली की सगळंच जुळल्यासारखं वाटतं.

"आणि मागचा एक्सल?" मामीनं विचारलं. "तो तर जुनाच."

"तो लोखंडाचा आहे. तुझ्यासारखा कुरकुर करत नाही."

बर्फ पडला. मामानं चाकांना साखळ्या बांधल्या आणि चढ धरला. इंजिन असं डरकाळलं की लोक खिडक्यांशी आले. अर्धा चढ तर लोण्यासारखा गेला. मामा हसतही होता म्हणतात. मग मागून कट्‌ असा आवाज झाला. इंजिन गर्जत राहिलं, चाकं मात्र फिरेनात. ट्रॅक्टर हळूच मागं घसरून कडेच्या बर्फात रुतला. नव्या जोरानं जुन्या एक्सलचा आतला दांडा तोडला होता.

खालून वेइक्को आला. न विचारता साखळी अडकवली.

"इंजिन झकास आहे रे, ताइस्तो. एक्सल मात्र त्याच्या आजोबांचा."

"ओढ. बोलू नको."

घरापर्यंत मामा स्वतःच्या ट्रॅक्टरवर स्टिअरिंग धरून बसला होता. खिडक्यांकडं त्यानं पाहिलं नाही. वळणावळणावर वेइक्कोची पुढची चाकं दिसायची, तेवढीच पाहत राहिला. "कसा चावतोय त्याचा पुढचा एक्सल बर्फाला," घरी येऊन म्हणाला, आणि जेवला नाही.

रस्ता गेला. पुढच्या बर्फाला मामा पहाटेच फावडं घेऊन टपालपेटीमागं उभा राहिला. आता आपल्या फाटकात ढीग पडणार, ही त्याची खात्री. वेइक्को आला, फाळ वळवला, फाटक स्वच्छ केलं, वर हात हलवून गेला.

मामा आत आला.

"किती टाकला?" मामीनं कॉफी ओतत विचारलं.

"काही नाही."

"मग बरं झालं की."

"बरं काय त्यात? मूठभरही नाही टाकला मेल्यानं. आता तक्रार तरी कशाची करायची? फाळ असा वळवला, असा." हातानं दाखवता दाखवता तो थांबला. कॉफी तशीच राहिली. फावडं उचलून तो पुन्हा बाहेर गेला, आणि रस्त्याकडेचा बर्फ ओढून आपल्याच फाटकात टाकायला लागला.