मालतीताई आणि उकळलेला पाचू

मालतीताईंनी एकदा हात हातात घेतला की तो सोडवून घेणं अवघड असे. आपल्याला वाटायचं, प्रेमाने धरलाय. तोवर त्यांनी पर्समधून भिंग काढून डोळ्याला लावलेलं असायचं. आमची पहिली भेट अशीच झाली, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. शेजारणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या वर्ध्याच्या घरी ती पद्धत नाही, पण तिने आग्रहाने बोलावलं आणि तिळगूळ मला आवडतो, म्हणून गेले. तिथे एका ठेंगण्या, गुटगुटीत बाईंनी माझी हिरवी अंगठी खिडकीकडे फिरवली आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "काच."

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाल्यापासून चारचौघांत मला कुणी अडाणी ठरवलेलं खपत नसे. मी म्हटलं, "काचच आहे. सरोजिनी नगरच्या फुटपाथवर घेतली, आणि विकणाऱ्यानेही काचच म्हणून विकली."

मालतीताई अशा हसल्या की ताटातल्या वाट्या हलल्या. "चलो, एक तरी दागिना खरं बोलणारा निघाला," त्या म्हणाल्या. खोलीतल्या बाकीच्या बायकांनी हळूच हात पदराखाली घेतले.

मालतीताई निवृत्त होत्या. खडे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती आणि आता त्या मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. निवृत्ती फक्त कागदावर. दर रविवारी सकाळी त्यांच्या उत्तरेकडच्या बाल्कनीत रांग लागायची, आणि चहा करायला मी. ते दिवसच तसे होते. बाजार खुला झाला होता, टीव्हीवर चॅनेलं वाढली होती आणि प्रत्येक चॅनेलवर सकाळी एक ज्योतिषी बसलेला असे. ज्याला प्रमोशन हवं त्याला बुध बळकट करायचा होता, आणि बुधासाठी पाचू लागे. एक अधिकारी साहेब आपला खडा घेऊन आले, अगदी तळ्याच्या पाण्यासारखा नितळ. "एक डाग नाही, मॅडम," ते अभिमानाने म्हणाले.

"तेच तर," मालतीताई म्हणाल्या. "डाग नसलेला पाचू आणि भांडण नसलेलं घर, दोन्ही मी जरा जवळून बघते." बघितलं. कारखान्यात वाढवलेला निघाला. साहेबांचा चेहरा पडला तेव्हा त्यांनीच समजूत घातली, "वाईट वाटून घेऊ नका. बुधाकडे कुठे भिंग आहे?"

त्यांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे पानिपतवाला. दिल्लीतल्या निम्म्या मराठी घरांतला पाचू पानिपतच्या लढाईतून आलेला असतो. कुणाच्या पूर्वजाने तो पगडीत लपवलेला, कुणाच्या घोड्याच्या खोगिरात शिवलेला. मालतीताई सगळी कथा मन लावून ऐकायच्या, मधे "अच्छा, मग?" असंही विचारायच्या. मग खड्यात अभ्रकाचे काळे कण दिसले की शांतपणे म्हणायच्या, "हा झांबियाचा. तिथल्या खाणी जोरात सुरू झाल्या तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. लढाईला जरा उशीर झाला त्याला."

अशातच एका रविवारी माझ्या ऑफिसमधली सुरेखा रडत आली. तिने आणि नवऱ्याने गाझियाबादला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीला कऱ्हाडहून सासूबाई येणार होत्या. त्यांच्या घराण्याचं, पानिपतहून आलेलं म्हणून सांगितलं जाणारं पाचूचं पदक त्यांनी लग्नात सुरेखाला दिलं होतं. ते लख्ख दिसावं म्हणून हिने रिठे आणि धुण्याचा सोडा घालून पातेल्यात चांगलं उकळलं. सोनं झळकलं. पाचू मात्र पांढुरका पडून भेगाळला.

"आई म्हणतील, खरा विकून फ्लॅट घेतला आणि हा खोटा बसवला," सुरेखा हुंदके देत म्हणाली. "नातेवाइकांत आधीच कुजबूज आहे, एवढा पैसा आला कुठून म्हणून."

मालतीताईंनी पदक मायक्रोस्कोपखाली धरलं आणि हळूहळू फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की पाचूत जन्मतःच भेगा असतात, त्या दिसू नयेत म्हणून तेल मुरवतात, आणि सुरेखाने ते तेल उकळून काढलं होतं. "खडा खराच आहे. फक्त मेकअप उतरलाय."

"मग गुपचूप तेल घालून द्या ना, ताई."

"घालीन. गुपचूप नाही. तेल पुन्हा वाळणार. तोवर तू काय सासूच्या प्रत्येक फेरीला घाबरत बसणार?"

वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही रिक्षाने यमुना ओलांडली. मालतीताईंच्या मांडीवर शालीत गुंडाळलेला मायक्रोस्कोप, आणि खड्डा आला की त्या रिक्षावाल्याला सांगायच्या, "भैया, धीरे, गोद में बच्चा है." त्याने मागे वळून पाहिलं आणि गोंधळून खरंच हळू घेतली.

जेवणं झाल्यावर मालतीताईंनी सासूबाईंना खिडकीपाशी बसवलं. सुरेखाने मान खाली घालून सगळं सांगितलं. सासूबाई पदकाकडे पाहत राहिल्या. "आमचा असा नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या. सुरेखाचा नवरा उगाच पंखा लावायला उठला. पंखा आधीच चालू होता.

"बघा तर खरं," मालतीताई म्हणाल्या. सासूबाईंनी नाइलाजाने डोळा लावला. "आत इवलंसं तळं दिसतंय? त्यात एक बुडबुडा, आणि शेजारी चौकोनी मिठाचा खडा? हे तिन्ही एकत्र दिसले की मी कोलंबियाचंच नाव घेते. समुद्रापलीकडून गलबताने आलाय हा, आणि असे खडे पानिपतच्याही आधीपासून इकडे यायचे. तुमचं पानिपत मी या वेळी खोडून काढू शकत नाही, याचं मलाच वाईट वाटतंय."

सासूबाईंनी डोळा काढला नाही. "आगं बया," त्या पुटपुटल्या. "आत पाणी हाय."

"आता त्या खालच्या भेगा बघा. पिवळं काही दिसतं? ते फार जुनं तेल आहे, सुरेखाच्या लग्नाच्याही आधीचं, खोलवर होतं म्हणून उकळूनही राहिलं. आणि त्याचे दोन थर आहेत, म्हणजे याच्या आधीही कुणीतरी हा उकळून सोनाराकडे नेला होता."

सासूबाई मायक्रोस्कोपवर वाकलेल्याच होत्या. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडतायत. मग नाकातून एक आवाज आला आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"माझी पहिली दिवाळी होती," त्या म्हणाल्या. "शिकेकाईत उकळला. सोनाराच्या पाया पडून तेल घालून आणला. आमच्या सासूबाई गेल्या, पर त्यांना कळू दिलं न्हाई मी."

सुरेखाने मान वर केली. ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. मालतीताईंनी तेलाची बाटली पुढे केली, तर सासूबाईंनी ती बाजूला सारली. "राहू द्या तसाच. दोघींनी उकळलाय, दिसू दे की." आणि ते भेगाळलेलं पदक त्यांनी स्वतःच्या हाताने सुनेच्या गळ्यात बांधलं.

पुढे मुलाची बदली झाली आणि मालतीताई पुण्याला गेल्या. तिथेच, एका सकाळी चहा घेताना, त्या गेल्या. मी सुरेखाला कळवलं, सुरेखाने कऱ्हाडला. संध्याकाळी सासूबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, "त्यांची ती दुर्बीण कुणाकडं हाय गं आता? मला तो बुडबुडा पुन्यांदा बघायचा व्हता."