किडनी काढायचं ठरलं तेव्हा

माझ्या डाव्या किडनीत कॅन्सर निघाला, तोही फुप्फुसांपर्यंत पोचलेला. मी पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मॅडम, काढून टाका ना ती किडनी. दुसरी आहे की."

"काढली असती," त्या म्हणाल्या. "पण आजार बाहेर पसरलाय. आत्ता कापलं तर तुम्हाला सावरायला वेळ लागेल, औषधं लांबतील आणि तेवढ्यात फुप्फुसातलं वाढेल. आधी औषधं. ती लागू पडली, तर मग ऑपरेशनचं बघू."

म्हणजे ऑपरेशनसाठीसुद्धा आधी पास व्हायला लागणार!

गोळ्या सुरू झाल्या, मधूनमधून सलाइनमधून इंजेक्शन. तळपाय सोलले, तोंड आलं. वरण खाल्लं काय आणि ओला पुठ्ठा खाल्ला काय, चव एकच. कोपरखैरण्यातलं माझं साड्यांच्या फॉल-बिडिंगचं दुकान बंदच होतं.

काही महिन्यांनी स्कॅन बघून मॅडम हसल्या. "फुप्फुसातले ठिपके बरेच आक्रसलेत. आता मुख्य गाठ किडनीतच आहे. आता ती काढण्यात अर्थ आहे."

मी खुर्चीतून उठून त्यांचा हातच धरला. बाहेर येऊन साताऱ्याला धाकट्या बहिणीला फोन लावला. "अगं, ठरलं!"

"काय ठरलं, ताई? कुणाचं?"

"माझं! ऑपरेशन!"

ती रडायलाच लागली. सोसायटीत पेढे वाटले, तर खालच्या मजल्यावरच्या काकू पेढा हातात धरून उभ्याच. "ऑपरेशन झालं की व्हायचंय?" म्हणाल्या. व्हायचंय म्हटल्यावर त्यांनी माझ्यासोबत आलेल्या आमच्या यांच्याकडे असं बघितलं, जणू विचारत होत्या, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना?

ऑपरेशनआधी गोळ्या थांबवल्या आणि एका सकाळी चहा गोड लागला! मी ओरडले. हे आंघोळीतून तसेच पळत आले. "अहो, साखर लागतेय!" त्यानंतर मी काही सोडलं नाही. बहीण आली होती, ती भाकऱ्या थापत होती आणि मी तव्यावरूनच उचलत होते. मॅडमनी परवानगी दिली होती, त्यामुळे ठेचासुद्धा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि आम्ही दोघी हसतोय.

रात्री मात्र यांनी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हणाले. "पण मॅडम नाही म्हणाल्या असत्या, तर जास्त वाटली असती."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा डाव्या बाजूला आग पेटली होती. हसलं की टाके ओढायचे. बहीण दारात आली, तिनं नुसतं तोंड वाकडं केलं आणि मला हसू फुटलं. पोटाशी उशी दाबून मी "बाहेर काढा हिला" म्हणत होते. नर्सनं खरंच काढलं.

मॅडमनी नंतर स्वच्छ सांगितलं, "मोठी गाठ गेली. पण आजार संपला असं म्हणणार नाही. गोळ्या परत सुरू होतील, स्कॅन होत राहतील."

परवा पुढचा स्कॅन झाला. ठिपके आहेत, पण वाढलेले नाहीत. उरलेली किडनी दोघींचं काम करतेय. परत येताना रिक्षात यांनी भररस्त्यात माझा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात कधी नाही ते. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी हात सोडवला नाही.