चौदा नंबरचा ट्रक

ओमानच्या दक्षिणेतल्या धोफारहून परतल्यावर गाडी कितीही झाडली, तरी महिन्याभराने सीटखालून मूठभर वाळू निघतेच. आमच्या किश्श्यांचंही तसंच. सगळे सांगून झाले असं वाटतं, आणि कुणीतरी चहा ओतला की आणखी एक निघतो!

आम्ही चौघे. सावंत मूळ कुडाळचे, मस्कतमध्ये गॅरेजचे फोरमन. कांबळे लातूरचा, सिव्हिल इंजिनियर. मी स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये, त्यामुळे मोजायची आणि लिहून ठेवायची खोड. चौथा सलीम, सावंतांच्या हाताखालचा ओमानी मेकॅनिक, झकास हिंदी बोलणारा. ईदची सुट्टी लागली की अल मवालेहच्या मार्केटमधून फळांच्या पेट्या घ्यायच्या आणि दक्षिणेला निघायचं. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या युद्धात वाळवंटात राहून गेलेल्या गाड्या शोधायच्या, ओळखायच्या. आणायचं काही नाही. फक्त वहीत नोंद.

सलीमचं कारण वेगळं होतं. त्याचे वडील त्या युद्धात फौजेचा ट्रक चालवायचे. ट्रक तिथेच राहिला, ते पायी परत आले. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात काका-मामांचा एकच विनोद, "हा ट्रक टाकून पळाला!" सलीमही हसायचा. पण आमची एकही ट्रिप त्याने चुकवली नाही.

*

पहिल्याच ट्रिपला कांबळे लांबूनच ओरडला, "चिलखती गाडी!"

आम्ही धावलो. जळून काळा पडलेला सांगाडा. मी टेप लावून लांबी-रुंदी घेतली, दीड पान लिहिलं. कांबळे फोटो काढून थकला. सावंत तेवढा वेळ आत डोकं घालून बसले होते.

"कांबळे, युद्ध कधी झाला म्हणालास?"

"सत्तरच्या आसपास."

"मगे ह्येच्यात कपहोल्डर खयसून इलो?"

*

तेव्हा नियम केला. तीन पुरावे जुळल्याशिवाय वहीत 'ओळख पटली' लिहायचं नाही. पहिला पुरावा सोपा. इथल्या आजच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, फौजेच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांचं उजवीकडे.

पुढच्याच ट्रिपला कांबळे नाचायला लागला. "उजवीकडे! स्टिअरिंग उजवीकडे!"

सावंतांनी त्याला दंडाला धरून गाडीच्या पुढून मागे नेलं. "आता सांग."

कांबळेने बघितलं. बराच वेळ बघितलं. "...डावीकडे."

"ह्यांका लोक पूल बांधूक देतत!"

*

एकदा खरोखरची फौजी जीप सापडली. मी टेप काढतो तोच आतून चार शेळ्या बाहेर आल्या आणि मागोमाग त्यांचा मालक. त्याने आधी आम्हाला बसवून खजूर आणि कॉफी दिली, मग विचारलं, काय काम आहे?

सलीमने समजावलं, की हे लोक गाडी बघायला मस्कतहून आलेत. म्हातारा विचारात पडला. मग आपल्या पिकअपकडे बोट दाखवून म्हणाला, "घ्यायचीच असेल तर ती घ्या. चालू आहे. हिचं मात्र शेळ्यांना विचारावं लागेल!"

*

वहीतल्या चौदा नंबरची गोष्ट मात्र माझ्यावरच आली. खडकाळ उतारावर उभा एक ट्रक. स्टिअरिंग उजवीकडे, बाकी काही नाही. नंबर प्लेट नाही, इंजिन कुणीतरी कधीच काढून नेलेलं. ऊन असं की टेपला हात लाववत नव्हता. सलीम लांब सावलीला चहा करत होता, कांबळे एसी लावून गाडीत. मी लिहीत होतो, 'हँडब्रेक ओढलेला. ड्रायव्हरच्या दाराची कडी आतून तारेने बांधलेली. मागच्या उजव्या चाकाखाली दगड, हाताने लावलेला.'

सावंत डोकावले. "तलाठीभाऊ, पंचनामो झालो? त्या दगडाचो चेसिस नंबर पण लिवा!"

परतीच्या वाटेवर तिघेही हसत होते. शेरा मी लिहिला, 'ओळख पटली नाही.'

*

दोन वर्षांनी सलीमने मस्कतमधल्या वादी अदाईला घरी जेवायला बोलावलं. त्याचे काकाही होते. वडील कोपऱ्यात काठी घेऊन बसलेले, थकलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जेवण झालं, कॉफी आली आणि काकांनी सवयीने तोच विनोद काढला. सगळे हसले.

चाचा हसले नाहीत. अरबीत काहीतरी म्हणाले, सलीमने हिंदी केलं. "बोल रहे हैं, इंजिन बंद पडलं, दोन दिवस चालत गेलो. पण पळणारा माणूस हँडब्रेक ओढतो का? चाकाला दगड लावतो का?"

सावंतांचा कप हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वही खय आसा?"

वही गाडीतच असते. मी घेऊन आलो, पण उघडली नाही. तिसरा पुरावा राहिला होता. "चाचांना विचार, ड्रायव्हरच्या दारात काय बिघाड होता?"

उत्तर लगेच आलं. "कडी नीट लागत नव्हती. तार बांधून बंद केली आणि दुसऱ्या दाराने उतरलो."

मी चौदावं पान उघडून वाचलं. सलीमने अरबीत सांगितलं. मग म्हणाला, "फिर से पढ़ो." मी पुन्हा वाचलं. काकांनी कप खाली ठेवला.

*

पुढच्या ईदला चाचांना घेऊन गेलो. काका स्वतःहून आले. ट्रक दिसल्यावर चाचा थेट मागच्या चाकाकडे गेले आणि काठी त्या दगडाला दोनदा टेकवली. मग दुसऱ्या दाराने, आमच्या आधाराने, आत चढून सरकत ड्रायव्हरच्या जागेवर बसले. हँडब्रेकवर हात ठेवला. सलीमने वाकून त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मी शेरा खोडला आणि वर लिहिलं, 'ओळख पटली.'

तेवढ्यात आतून आवाज आला, "यल्ला, धक्का मारा!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ना इंजिन, ना टायर, रिमा निम्म्या जमिनीत!

सावंतांनी बाह्या सरसावल्या. "ऐकूक नाय इला? ड्रायव्हर काय सांगता?" कांबळे गेला, सलीम गेला, काकांनी पायघोळ डिशडाशा वर खोचून खांदा लावला.

मी आधी चाकाखालचा दगड काढला.