घोडेगावच्या बाजारात कानवाले साहेब

मी फौजेत सिग्नलचा, म्हणजे वायरलेसचा ऑपरेटर. सतरा वर्षं नोकरी, हवालदार म्हणून पेन्शन. उत्तर सीमेवर आमच्या बटालियनबरोबर इंटेलिजन्सचे एक नायब सुभेदार होते. नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना ‘कानवाले साहेब’ म्हणायचो. कोणाच्या घरी म्हैस व्याली हे त्या जवानाच्या आधी त्यांना कळायचं. स्वतः काही विचारायचे नाहीत. शेजारी बसायचे, विडी द्यायचे. माणूस आपोआप बोलायचा.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते घोडेगावात उगवले. रविवार, सकाळी अकरा. मंगल कार्यालयात माजी सैनिकांचा मेळावा. साहेब माईकवर.

“सरकारचा गुप्त फंड आहे. फक्त फौजींसाठी. दोन वर्षांत दुप्पट. बायकोलाही सांगायचं नाही.”

आम्ही चाळीसेक जण होतो. फंड गुप्त का, हे एकानेही विचारलं नाही. आठवड्याभरात निम्म्यांनी पैसे भरले आणि सगळ्यांच्या बायकांना कळलं. माझी बायको सुशीला एवढंच म्हणाली, “सरकारनं कवा गुपचूप दिलंय? पाच रुपये दिले तरी फोटो छापतंय.”

मी शेजारच्या सुभेदार साळवे साहेबांना गाठलं. रविवारी सकाळी ते चर्चमध्ये असतात, म्हणून मेळाव्यातून वाचले होते. त्यांनी जुन्या ओळखीवर चार फोन केले. शेजारच्या जिल्ह्यातही हाच फंड निघाला. मागे परराज्यातली टोळी, आणि टोळीच्या पगारावर इंटेलिजन्सचे तीन-चार निवृत्त लोक. कोण कधी निवृत्त होऊन घरी आला, हातात किती पैसे पडले, सगळं त्यांना तोंडपाठ. पोलीस म्हणाले, “लेखी तक्रार द्या.” फसलेला एकही फौजी लिहून द्यायला तयार होईना. लाज वाटत होती.

मग कळलं, कमलवहिनीही पैसे देणार. वहिनी म्हणजे आमच्या लान्सनायक पोपटची विधवा. कानवाले साहेबांनी तिला सांगितलं होतं, “पोपट माझ्या मांडीवर गेला. शेवटी म्हणाला, कमलकडे बघा.”

मांडी कुठली? पोपट गेला त्या दिवशी साहेब बटालियन हेडक्वार्टरला होते. मी वहिनीला सांगायला गेलो.

“भाऊजी, त्यांनी निदान शेवटचं बोलनं तरी सांगितलं. तुमी इतकी वर्सं काय बी बोलला न्हाई.”

मी चपला घातल्या. परत आलो.

गुरांच्या बाजाराचा दिवस. पैसे कडेच्या चहाच्या हॉटेलात द्यायचे होते. मी आणि साळवे साहेबांनी रंगेहाथ पकडायचं ठरवलं. 0900 वाजता ते चाऱ्याच्या ट्रकमागे, मी म्हशींमध्ये. मोबाईल चालू.

“साहेब, पोझिशन घेतली.”

“दिसतंय. फौजी कॅप काढ आधी.”

0925. एका दलालाने माझा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि बोटं दाबू लागला. इथे भाव असाच बोलतात. संशय नको म्हणून मीही दोन बोटं दाबली.

“दिली!” दलाल ओरडला. म्हशीचं दावं माझ्या हातात आलं.

0940. कानवाले साहेब आले ते थेट माझ्याकडे. म्हशीच्या पाठीवर थाप मारली. “दत्ता, जागा चांगली निवडलीस. पण म्हैस सोडून हॉटेलाकडे बघणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय. आणि साळवेला सांग, ट्रकखालून बूट दिसतायत.”

हसत हॉटेलात गेले. मी दावं धरून उभा.

आत कमलवहिनी दोन नऊवारीतल्या बायकांबरोबर बसली होती. तिने पिशवी दिली. साहेबांनी आमच्याकडे बघत बघतच ती घेतली. तेवढ्यात उजवीकडच्या बाईने त्यांचं मनगट धरलं, डावीकडच्या बाईने दुसरं. दोघी कॉन्स्टेबल होत्या. दोन दिवसांपूर्वी वहिनी एकटी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार देऊन आली होती.

“दत्ता,” साळवे साहेब बुटांवरचा चारा झटकत म्हणाले, “आपण डायव्हर्जन होतो. त्याचं लक्ष आपल्यावर.”

“व्हय साहेब.”

“चांगलं पार पाडलं.”

कानवाले साहेबांच्या मोबाईलमुळे टोळीतले आणखी दोघे सापडले. थोडे पैसे परत आले, बरेच आले नाहीत. म्हैस आमच्या गोठ्यात आहे. सुशीला म्हणते, “एवढं तरी डोळ्यांना दिसतंय.”

संध्याकाळी मी वहिनीला विचारलं, “साहेब खोटं बोलतायत हे तुम्हाला कसं कळलं?”

“सायब म्हनले, ह्ये शेवटी ‘कमल’ म्हनले. ह्यांनी मला जन्मात नावानं हाक मारली न्हाई. ‘आगं’ म्हनायचे.” मग म्हणाली, “खरं काय म्हनले, भाऊजी?”

मी सांगितलं. त्या दिवशी 0610 वाजता वायरलेस सेटवर मी होतो. पोपट दोन शिपायांची गस्त घेऊन परत येत होता. म्हणाला, “दत्ता, चहा ठेव. दहा मिनिटांत आलो.” चार मिनिटांनी हिमकडा कोसळला. यात शौर्याचं काही नव्हतं, म्हणून मी कधी बोललो नव्हतो.

वहिनी आधी हसली. मग तिने पदर तोंडाला लावला. पदराआडूनच विचारलं, “मग ठेवला व्हता का?”

“ठेवला व्हता, वहिनी.”

लान्सनायक पोपट, शिपाई इक्बाल, शिपाई गुरनाम. तिघे तिसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडले. मी तीन मग भरून ठेवले होते. सातपर्यंत चहा गोठला. ते सापडेपर्यंत मी कोणाला मग उचलू दिले नाहीत.