शालीत गुंडाळलेली बिअर

एडिनबराहून सकाळच्या गाडीने निघालो तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत बिअरच्या तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीला माझा एकेक लोकरी मोजा चढवलेला. मी स्वतः आयुष्यात बिअरचा थेंब घेतलेला नाही. बाटल्या माझ्या बायकोच्या, नीलिमाच्या. घरी, स्वतःच्या हाताने बनवलेल्या.

नीलिमा तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. मी तिच्या व्हिसावर गेलेला, म्हणजे पुण्यातली नोकरी सोडून घर सांभाळणारा नवरा. दिवसभर जंतू बघून आलेली बाई घरी येऊन हौसेने यीस्ट पाळते, याचं मला आधी हसू यायचं. यॉर्कशरमधल्या एका छोट्या ब्रुअरीची काळसर बिअर तिला फार आवडली होती आणि तशीच घरी जमवायची, असा तिने हट्ट धरला होता. तीनदा केली. तिन्ही वेळा बिअरला पिकल्या केळ्याचा वास. घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ महिन्यातून एकदा जमायचं, तिथे एकाने सुचवलं की तयार मिश्रणाचा डबा आण, तुला सोपं पडेल. हे तिला चांगलंच झोंबलं. तिथलेच एक आजोबा मात्र म्हणाले, "ब्रुअरीलाच लिही. विचारलं तर सांगतात."

मला ते पटेना. आमच्याकडे गोड्या मसाल्याची कृती मागितली तर एखादा जिन्नस हटकून गाळून सांगतात, इथे तर त्यावर माणसांची पोटं चाललेली. पण आठवड्याभरात पत्राचं उत्तर आलं: 'शनिवारी या. बिअर आणा आणि नोंदवही आणा.'

बेरिक स्टेशनच्या आसपास समुद्र अगदी रुळांपर्यंत आला. मी नीलिमाला तो बोटाने दाखवायला गेलो आणि तेवढ्यात एका बाटलीने बूच ढकललं. मोजा, पिशवी आणि माझी पँट फेसाने भिजली. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी न विचारता रुमाल पुढे केला.

"घरची का?" त्या म्हणाल्या. "आमचे हेही करायचे. स्वयंपाकघराच्या छताला डाग आहे अजून."

यॉर्कला गाडी बदलून पुढे बस. तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते, त्यामुळे एक थांबा आधीच उतरलो आणि दोन मैल चाललो. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, पलीकडे पाठीवर निळे ठसे उठवलेल्या मेंढ्या. गावातल्या पबमध्ये चीज-कांद्याचा पाय (मैद्याच्या पारीत भाजलेलं सारण) खाल्ला. मिरपूड मागून घ्यावी लागली, पण भुकेला तो गोड लागला.

ब्रुअरी म्हणजे जुना घोड्यांचा तबेला होता. दारातच सातूचं पीठ भाजल्यासारखा वास आला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मालक डेरेक, साठीचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्याने आम्हाला वॉर्ट (धान्य गरम पाण्यात मुरवून काढलेलं गोड पाणी) कपातून प्यायला दिलं. त्यात दारू नव्हती, म्हणून मी दोन कप घेतले. मग त्याने एका कागदावर सगळं लिहून दिलं: कुठलं धान्य, किती, कसं भाजलेलं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं केव्हा घालायची. त्याने गाळलेला जिन्नस मी शोधत बसलो होतो, पण नीलिमाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं.

मग त्याने आमची बाटली उघडली, वास घेतला, एक घोट घेतला. "केळं," तो म्हणाला. "उबेत आंबली की हे होतं. कुठे ठेवली होती?"

"जिन्याखालच्या कपाटात. थंड जागा आहे," म्हणत नीलिमाने वही पुढे केली. रोजची नोंद, रोज अठरा अंश. डेरेकने पानं उलटली आणि जरा अवघडून म्हणाला, "वही अठरा म्हणते. बिअर पंचविसाच्या पुढचं काहीतरी सांगते. राग मानू नका, पण मी बिअरवर विश्वास ठेवतो. घाईत आपण सगळेच कधी अंदाजाने लिहितो."

नीलिमा ताठ झाली. "मी लिहीत नाही. रोज सकाळी मी स्वतः थर्मामीटर वाचलाय आणि जे वाचलं तेच लिहिलंय. माझ्या नोंदींवर पेशंटचं औषध ठरतं."

तिचा चेहरा लाल झाला होता. खरं काय ते त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं.

"वही खरी आहे," मी म्हणालो. "ती कामावर गेली की आंबायला ठेवलेली बरणी मी बाहेर काढायचो. रेडिएटरशेजारी ठेवायचो, शालीत गुंडाळून. ती यायच्या आधी परत कपाटात. सकाळपर्यंत निवायची."

"तू काय करायचास?" नीलिमा मराठीत म्हणाली.

"थंडीत इडलीचं पीठ कधी आंबलंय का? मला वाटलं, तिला ऊब मिळाली तर बरं."

"अरे, साडेचार लिटर बिअर आहे ती, इडली नाही. आय टोल्ड यू, हात लावू नकोस म्हणून."

डेरेकला मी भाषांतर करून सांगितलं. तो इतका हसला की त्याला बसावं लागलं. हसून झाल्यावर त्याने वही दोन्ही हातांनी नीलिमाला परत दिली आणि म्हणाला, "माफ करा, बाई. मी चुकलो." निघताना त्याने आपल्या टाकीतलं यीस्ट बरणीभर दिलं आणि मला बजावलं की ह्याला पांघरूण नको.

परतीच्या गाडीत नीलिमा यीस्टची बरणी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "तीन महिने मला वाटत होतं, मलाच जमत नाहीये. लॅबमध्येसुद्धा मी प्रत्येक रीडिंग दोनदा बघायला लागले होते. माहितीये?"

मला माहीत नव्हतं. मी चुकलो म्हणालो.

चौथी बिअर झाली. मी बरणीच्या वाटेलासुद्धा गेलो नाही. तिने दोन बाटल्या यॉर्कशरला पाठवल्या. डेरेकने लिहिलं की त्याने आपल्या दोघा माणसांना ती स्वतःच्या बिअरशेजारी ठेवून चाखायला दिली, आणि आपली कुठली ते दोघांनाही सांगता आलं नाही. मी पुण्याला फोन करून सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळवलं. बिअर म्हणताच काहींनी नाक मुरडलं, मला त्याची फिकीर नव्हती.

यूकेत काय काय पाहिलंत, असं परतल्यावर लोक विचारतात. मी एडिनबराचा किल्ला सांगतो, समुद्र सांगतो. मनात असतो तो तबेला. परक्या गावात, त्या धंद्यात मुरलेल्या माणसासमोर माझी बायको उभी आहे आणि म्हणते आहे, जे वाचलं तेच लिहिलंय. तिच्या शेजारी, तिचं काम बिघडवणारा माणूस तोंड उघडायचं धैर्य गोळा करतो आहे, आणि तेवढ्यातही त्याची छाती अभिमानाने भरून आली आहे.