तात्यांचं ओलं धोतर

आमच्या घरात देवघर लहान आणि ट्रंक मोठी होती. ट्रंकेत वडिलांनी जमवलेली पत्रकं होती. दारूबंदीची, मुलींच्या शाळेची, नारू का होतो याची, भटजीवाचून लग्न कसं लावावं याची. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती या पिवळ्या कागदांवरच. त्याचा परिणाम असा झाला, की विसाव्या वर्षी मला साधं पाणी मागतानासुद्धा मूठ वळायची सवय होती.

माझे थोरले चुलते, सगळं कळंब गाव त्यांना तात्या म्हणायचं, मला ‘पुढारी’ म्हणत. ‘‘आमचं पुढारी उठलं का?’’ असं ते अंगणातून विचारत, आणि काकी आतून म्हणत, ‘‘उठलं, पन अजून जग बदाललं न्हाय.’’ आज पुण्याच्या खोलीत बसून हे लिहिताना तो अंगणातला आवाज मला जितका हवासा वाटतो तितकं दुसरं काही वाटत नाही.

तात्या कालव्यावर पाटकरी होते. ज्याची पाळी असेल त्याच्या शेताकडं जाणाऱ्या चारीचं दार उघडायचं, पाळी संपली की लावायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी तालमीत गेलेले. पन्नाशी ओलांडली तरी दाराचं चाक एका हातानं फिरवायचे. त्या वर्षी पावसाळ्यात मात्र त्यांची लघवी अडली. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, गाठीचं ऑपरेशन झालं, दसऱ्याच्या सुमारास ते घरी आले. लघवी मोकळी झाली होती. आम्ही समजलो, संपलं.

दिवाळीत त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाचा विषय निघाला. स्थळ कळसचं, लग्न वैशाखात, आमच्या दारात. मी याच क्षणाची वाट बघत होतो. करंज्या तळणं चाललं होतं, सगळे चुलीभोवती होते, आणि मी उभं राहून भाषण सुरू केलं. माणसाचं दान करणारे आपण कोण? मुलगी म्हणजे काय गाय आहे? भटजी नको, मंत्र नकोत. दोघांनी चारचौघांत शपथ घ्यायची, हार घालायचे, झालं लग्न.

तात्या एरवी अशा वेळी तंबाखू मळत हसायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘किती येळ लागतो?’’

‘‘पाव तास.’’

‘‘बसायचं न्हाय?’’

‘‘उभ्यानंच. बसायचं कशाला?’’

‘‘मग तसंच करू.’’

काकींच्या हातातली करंजी कढईऐवजी चुलीत पडली. माझी बहीण एकदा तात्यांकडं, एकदा माझ्याकडं बघून आत निघून गेली. मला ते काही दिसलं नाही. मला दिसत होता विजय. त्याच रात्री मी पत्रक लिहून काढलं: एका कष्टकरी पाटकऱ्यानं रूढीला दार लावलं! उद्गारचिन्हं मोजली तर आज लाज वाटेल.

छापखाना बारामतीला होता. खिळे जुळवून झाल्यावर छापण्याआधीचा कागद तात्यांना वाचून दाखवावा, त्यांच्या तोंडून ‘बरोबर’ ऐकावं, अशी माझी हौस. त्यांना ओढूनच नेलं. एस.टी. निम्मी रिकामी होती, तरी तात्या दांडीला धरून उभे राहिले. ‘‘बसा की, तात्या.’’ ‘‘आसू दे.’’ कंडक्टर म्हणाला, ‘‘पैलवान, शीट चावत न्हाय.’’ ‘‘आसू दे म्हनलं न्हवं!’’ तात्या कंडक्टरवर खेकसले. मी त्यांना कधी कुणावर खेकसताना पाहिलं नव्हतं. बारामती येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा आवळत होता.

छापखान्यात मी मोठ्यानं वाचत होतो. शेजारच्या मोरीत कामगारानं शाई धुवायला नळ सोडला. तात्या मधेच वळले आणि बाहेर पडले. मी कागद हातात घेऊन मागं धावलो, रागानंच. वाटलं, माणूस कच खातोय. छापखान्याच्या मागच्या बोळात ते भिंतीकडं तोंड करून उभे होते. धोतराचा पुढचा भाग मांडीपर्यंत ओला झाला होता.

‘‘बग,’’ ते म्हणाले. ‘‘बग आन् लिव्ह तुझ्या पत्रकात.’’

त्या बोळात मला सगळं कळलं. दवाखान्यातून आल्यापासून हे चालू होतं. खोकलं की, शिंकलं की, चाकाला जोर लावला की आणि पाण्याचा आवाज कानावर पडला की. घरात जुन्या धोतराच्या घड्या लंगोटात घालून दिवस काढायचे. काकी पहाटे ओढ्याला धुणं न्यायच्या ते यासाठी. आणि लग्नात कन्यादानाला पाटावर बसायचं, जावयाच्या ओंजळीत पाण्याची धार सोडायची, भटजींचं आटपेपर्यंत उठायचं नाही. ‘‘साऱ्या गावाम्होरं,’’ तात्या म्हणाले, ‘‘पोरीच्या हळदीच्या अंगाशेजारी माजं हे. त्यापरीस तुजा पाव तास बरा.’’

माझा विजय असा होता.

मी सांगतो, मला तेव्हा तात्यांचा राग आला नाही, ट्रंकेचा आला. पटकीवर पत्रक आहे, नारूवर आहे, हिवतापावर आहे. पुरुषाच्या ओल्या धोतरावर एक ओळ नाही! बाप्या म्हटल्यावर त्याला हे होतच नसतं, असं आम्ही ठरवून टाकलं आहे. पुण्याच्या दवाखान्यात जाऊन पोट चिरून घेणारा माणूस गावातल्या डॉक्टरला एवढं सांगू शकत नव्हता. मी पत्रकाचा कागद खिशात कोंबला, छापू नका म्हणून आत सांगितलं, आणि मंडईजवळच्या एका डॉक्टरांकडं त्यांना नेलं. ते येईनात. मी म्हणालो, ‘‘तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगतो, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.’’ मग आले.

डॉक्टर वयस्क, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं.

‘‘पुन्ना चिरायचं काय?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘नाही. सुरी नाही, सुई नाही, बाटलीही नाही. व्यायाम करायचा.’’

पहिल्यांदाच तात्यांचा चेहरा उजळला. व्यायाम म्हणजे त्यांचं राज्य.

डॉक्टर म्हणाले, ‘‘तुम्ही दारं लावता-उघडता ना? मग समजेल. माणसाला दोन दारं असतात. गाठ काढताना वरचं गेलं. आता खालच्यावर भागवायचं, आणि ते दार तुम्ही जन्मात मुद्दाम वापरलेलं नाही. त्याचा स्नायू बसतो त्या जागी आत, झोळीसारखा आहे. तो आवळायचा. चारचौघांत वारा सरायला आला तर काय करता?’’

‘‘उठून जातो.’’

‘‘आणि उठता येत नसेल तर?’’

तात्यांच्या तोंडावर लाजरं हसू आलं. ‘‘आवळून धरतो.’’

‘‘तेच! पाच आकडे मोजेपर्यंत आवळा, तितकाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळंतिणींनाही आम्ही हेच सांगतो.’’

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी बोलायला नको होतं. परतीच्या एस.टी.त तात्या पुटपुटत होते, ‘‘बाळंतिनीचा यायाम. ह्यो लंगोट आन् बाळंतिनीचा यायाम.’’

घरी काकींना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘‘पोरीच्या वक्तापासून मला शिंकलं की होतंय. अठरा वर्सं झाली. मला कोन घेऊन गेलं बारामतीला?’’

पत्रकांवर वाढलेल्या मलासुद्धा हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात दोघांचा व्यायाम सुरू झाला. काकी चुलीपुढं बसून करायच्या आणि कुणाला कळायचंही नाही. या व्यायामाची तीच तर गंमत आहे.

तात्यांचं मात्र सगळ्यांना कळायचं. दहा म्हणजे काय आकडा आहे? तालमीत दहाला कुणी विचारत नाही. ते पहाटे उठून दोनशे बैठका काढायचे आणि प्रत्येक बैठकीला दम कोंडून, दात खाऊन, पोटासकट सगळं आवळायचे. शिवाय स्वतःच्या अकलेनं त्यांनी पाणी पिणं तोडलं. सकाळी एक तांब्या, बस्स. पंधरा दिवसांत त्रास दुप्पट झाला, वर लघवीला आग सुरू झाली. ‘‘बायकांचं औषध बाप्याला लागू न्हाय,’’ असं जाहीर करून ते घोंगडं पांघरून पडले. वैशाख आठवड्याआठवड्यानं जवळ येत होता.

मी त्यांना पुन्हा बारामतीला नेलं. डॉक्टरांनी करून दाखवायला सांगितलं. तात्यांनी छाती फुगवली, गालही फुगले, मान लाल झाली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

‘‘पैलवान, मी कुस्ती नव्हती सांगितली! दम कोंडून तुम्ही वरून पाण्याचा लोंढा सोडताय आणि खाली दार लावायला बघताय. लागेल का?’’

पाटकऱ्याला यापुढं काही सांगायची गरज नव्हती. मग डॉक्टरांनी त्यांचा हात त्यांच्याच पोटावर ठेवला. पोट मऊ राहिलं पाहिजे, मांडी ढिली, श्वास चालू, बोलता आलं पाहिजे. पाणी पोटभर प्यायचं, चहा कमी. लागो न लागो, घड्याळ लावून दोन तासांनी जायचं, मग हळूहळू ते अंतर वाढवायचं. खोकण्याआधी, चाकाला हात घालण्याआधी आतलं दार लावून घ्यायचं. आणि पाण्याचा आवाज आला तर पळायचं नाही. जागेवर थांबायचं, आवळायचं, कळ ओसरू द्यायची, मग चालत जायचं.

‘‘पाळी लावून देतायसा म्हना की,’’ तात्या म्हणाले.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला हिवाळा होता, हे तेव्हा कळलं नाही. दुपारी दोनच्या भोंग्याचा आवाज वालचंदनगरच्या कारखान्याकडून यायचा, की आम्ही दोघं कालव्याच्या कडेला बाभळीखाली बसायचो. तात्या घरून आणलेल्या लाकडी पाटावर, एक हात पोटावर. शेजारी चारीत पाणी खळखळत असायचं. लग्नात जसं बसायचं तसं बसून बघायचं, अशी तालीम. वेळ जावा म्हणून मी ट्रंकेतली पत्रकं मोठ्यानं वाचायचो. पहिल्या दिवशी तात्या दुसऱ्या पानावर उठले. आठवड्यानं तिसऱ्या पानावर. दारूबंदीचं पत्रक लांबलचक होतं. ते त्यांनी संक्रांतीच्या आधी पुरं केलं आणि म्हणाले, ‘‘लिवणाऱ्यानं घेतलेली दिसती, लय फाटे फोडलेत.’’ पलीकडच्या मळ्यातले वांगी तोडणारे ओरडून विचारायचे, ‘‘तात्या, पोथी लावली का?’’ ‘‘व्हय, या की ऐकायला!’’ हे ऐकून कुणी यायचं नाही.

रोज चढताच आलेख नव्हता. माघात सर्दी झाली तेव्हा पुन्हा धोतर भिजलं, आणि दोन दिवस ते बाभळीखाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकींनीच पाट उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. शिमग्याला लंगोटातल्या घड्या चारवरून एकीवर आल्या होत्या.

पाडव्याला तात्या मला म्हणाले, ‘‘पुढारी, आता मला बसाया येतंय. तवा लगीन कसं लावायचं ते पोरीला इचारू.’’

मी चमकलो. पाव तासाचं लग्न ठरलं होतं, कळसच्या मंडळींना मी तसं कळवलंही होतं. आणि जिचं लग्न तिला मी, मुलींच्या शाळेची पत्रकं पाठ असलेला माणूस, एका शब्दानं विचारलं नव्हतं. बहीण ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

‘‘दादा, दान म्हन न्हायतर आनि काय म्हन. पन त्या दिशी तात्या नि आई तासभर माझ्याजवळ बसत्यात, हात हातात घेऊन. कळसला गेल्यावर कोन बसनार हाय?’’

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. माणसाचं दान करू नये हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे, आणि उद्या माझ्या घरात कार्य निघालं तर मी तसंच करीन. पण तो वाद मी तात्यांच्या लाजेच्या जोरावर जिंकलो होतो. मी कळसला जाऊन भटजी येणार असल्याचं सांगून आलो. व्याही म्हणाले, ‘‘का वो, क्रांती म्हागारी घेतली?’’ मी खाली मान घालून चहा प्यालो.

वैशाखात मांडव पडला. तात्या दीड तास आधी तांब्याभर पाणी प्याले, मग जाऊन आले. घडी एकच घातली होती, तीही काकींच्या आग्रहानं. ते आणि काकी पाटांवर बसले. बहीण त्यांच्या शेजारी, पिवळी, घामेजलेली. सगळा मांडव नवरीकडं बघत होता. मी तात्यांच्या पोटाकडं बघत होतो. भटजींनी झारी दिली. काकींनी ओतलेली धार तात्यांच्या हातावरून मुलीच्या हातावर, तिथून जावयाच्या ओंजळीत आणि खाली परातीत पडू लागली. परात तांब्याची होती, आवाज मोठा होता. माझाच श्वास कोंडला.

तात्यांचं पोट हलत होतं, मऊ. श्वास चालू होता. डोळे भरले होते, पण ते मुलीकडं बघून. त्यांनी तिचा हात असा धरला होता की तो कधी सोडायचा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

उन्हाचा तडाखा बघून भटजींनाच त्यांची कीव आली. ते पुटपुटले, ‘‘तात्या, पुढचं जरा आवरतं घेऊ का?’’

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मंत्र लांबावेत.

‘‘चालू द्या की,’’ तात्या म्हणाले. ‘‘आमाला काय घाई न्हाय.’’