नऊच्या मीटिंगमधल्या ताई

चाकणला गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्लॅनिंगला होतो. लातूरहून आलेलो, मोशीत भाड्याने राहायचो. रविवारी संध्याकाळपासूनच मला सोमवारची धास्ती वाटायची, कारण पुन्हा रोज सकाळी नऊची मीटिंग सुरू व्हायची.

ही मीटिंग प्लांटचे साहेब घ्यायचे. ज्याच्या खात्यात चूक झाली असेल त्याला ते मीटिंग संपेपर्यंत उभं करत. वर सगळ्यांसमोर आई-बापांचा उद्धार. बाकीचे आम्ही वहीत डोकं घालून बसायचो. मीसुद्धा.

क्वालिटीचं खातं एक ताई बघायच्या. चाकणजवळच्याच गावातल्या, शेतकरी घरातल्या, चाळिशी उलटलेल्या. मीटिंगमध्ये कामापुरतंच बोलायच्या.

एकदा मोल्ड, म्हणजे पार्टचा साचा, तुटला आणि माल वेळेत गेला नाही. माल उशिरा जाईल असं मी दोन दिवस आधीच मेल टाकून कळवलं होतं, तरी साहेबांनी मला उभं केलं. "घरच्यांनी शिकवलं की नुसतंच वाढवलं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात ताई उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं काय आहे?" साहेब म्हणाले.

"काही नाही, साहेब. यांचा मेल मलाही आला होता, तुम्हालाही आला होता. हे उभे असताना मला बसवत नाही."

"मग राहा उभ्या."

त्या राहिल्या. स्वतःच्या खात्याचा हिशोबही त्यांनी उभ्यानेच, नेहमीच्या आवाजात दिला.

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सच्या माणसाची पाळी आली. ताई त्याच्याही शेजारी गेल्या. असं पंधरा दिवस चाललं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मीही उठायला लागलो. मग साहेबांनी मीटिंग खाली शॉप फ्लोअरवर, मशिनींच्या मध्ये, हलवली. तिथे खुर्च्याच नव्हत्या. चहाच्या वेळी ताई म्हणाल्या, "बरं झालं, आता साहेबही उभेच." त्यांना इतकं मनापासून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ओरडणं थांबलं नाही, पण आई-बाप काढणं थांबलं. ताईंना त्या वर्षी सगळ्यात खालचं रेटिंग मिळालं.

पुढे मला तळवड्यात नोकरी लागली. निघताना मी त्यांना विचारलं, "रेटिंगचं वाईट नाही वाटलं?"

गावाकडच्या बोलीत त्या म्हणाल्या, "वाटलं की. रडले बी घरी. पण माझ्या हाताखालच्या पोरी आता चूक झाली की आपणहून सांगायला येत्यात. आधी भेदरून लपवायच्या. आमाला काम करायला तेवढं पुरे हाय."

आता माझ्या हाताखालीही आठ माणसं आहेत. त्यातलं कुणी चूक सांगायला आलं, की मी हातातलं काम बाजूला ठेवतो आणि आधी त्याला बसायला सांगतो.